पर्यायी पुरवठादार शोधा

सर वाचले आणि माझी पीएचडी गेली.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. मीही लिहिलेलं नाही. त्या भाद्रपदात मला यातलं काहीच माहीत नव्हतं, आणि जे मला इतकं घाबरून घाबरून कळलं ते तुम्हाला पहिल्याच ओळीत फुकट कळावं हे मला पटत नाही. तेव्हा सर धडधाकट आहेत, माझी पीएचडी व्हायची आहे आणि आपण सांगलीत आहोत.

सर म्हणजे डॉ. अजितकुमार मगदूम, माझे मार्गदर्शक. महिनाअखेरीला ते निवृत्त होणार होते. त्याआधी साताऱ्याला संशोधन समितीपुढे माझं सादरीकरण व्हायला हवं होतं आणि प्रबंधावर सरांची सही. नाही झाली तर नियमाप्रमाणे नवीन मार्गदर्शक. आणि नवीन मार्गदर्शक म्हणजे नवीन विषय, कारण दुसऱ्याच्या विद्यार्थ्याचा विषय तसाच ठेवणं आमच्यात कमीपणाचं मानतात. वाईहून आई रोज फोन करून एकच शब्द विचारायची, "झालं?" मी म्हणायचो, "होतंय." बाळंतपणाच्या खोलीबाहेर असे संवाद होतात, पण तिथं निदान काहीतरी निष्पन्न होतं.

संशोधनाची सुरुवात स्ट्रॉबेरीपासून झाली. महाबळेश्वरच्या शेतातून निघालेली स्ट्रॉबेरी शिरवळच्या कारखान्यात वेळेवर पोचेल, की वाटेतच तिचा जॅम होईल, हे आधी सांगणारी संगणकप्रणाली मी बनवली. तिचं तत्त्व साधं होतं. कुठलाही पुरवठादार एकाएकी बुडत नाही. आधी तो माल कमी घेतो, कमी हिंडतो, फोन उशिरा उचलतो आणि विचारलं की "कुठं काय, सगळं ठीक आहे" म्हणतो. एवढं जमलं की पडद्यावर लाल अक्षरं यायची: 'या पुरवठादारावर विसंबू नये. पर्यायी पुरवठादार शोधा.'

समितीनं हे पाहिलं आणि म्हणाली, पुरवठा साखळी हल्ली सगळेच करतात, आरोग्याचं काहीतरी घाला. 'काहीतरी' हा शब्द इतिवृत्तात आहे. मी हबकलो, पण सर हबकले नाहीत. ते म्हणाले, "मुकुल, माणूस म्हणजे तरी काय रे? माल आत, माल बाहेर, मधे वाहतूक."

म्हणून मी रकान्यांची नावं बदलली. क्रेटच्या जागी भाकरी. ट्रकच्या किलोमीटरच्या जागी माणसाची पावलं. फोन उचलायच्या वेळेच्या जागी नाडी. लाल वाक्य बदलायचं तेवढं राहिलं. आजारी माणसांची आकडेवारी कराडच्या एका दवाखान्यातून मिळाली, तिथं माझी वाईची शाळासोबतीण शिवांजली डॉक्टर आहे. प्रणालीनं त्या सगळ्यांना बरोबर आजारी ठरवलं. ते सगळे खाटेवर झोपलेले होते, हे तिला कुठूनतरी समजलं असावं. तरीही शिवांजलीचे विभागप्रमुख खूश झाले आणि प्रबंधावर सही झाली की ही प्रणाली वॉर्डात लावू म्हणाले.

आता निरोगी माणसं हवी होती. सरांनी स्वतःची गल्ली दिली. पावलं आणि नाडी मोजणारे पट्टे मी घरोघर मनगटांना बांधले, भाकऱ्यांचा हिशेब घरच्यांनी कळवायचा. निरोगी नमुना क्रमांक एक होते खुद्द सर.

पट्टे बांधले आणि दशलक्षण पर्व लागलं. सरांची गल्ली बहुतेक सगळी जैनांची. कुणी दहाही दिवस फक्त उकळलेलं पाणी, कुणी एकवेळ जेवण, कुणी एकाआड एक. सांगलीत राहून हे मला माहीत नव्हतं असं नाही. मला माहीत होतं, प्रणालीला नव्हतं. तिनं पाहिलं की भाकऱ्या बंद, हिंडणं कमी. एका सकाळी सगळी गल्ली लाल झाली. ब्राह्मी नावाची कॉलेजातली मुलगी, तिचे आजोबा, पिठाच्या गिरणीवाले पारसभाऊ, सगळ्यांपुढं एकच: पर्यायी पुरवठादार शोधा.

मी रात्रीत नवा रकाना घातला: 'उपवास आहे? होय / नाही.' होय लिहिलं की प्रणाली सगळं माफ करायची. गल्ली पुन्हा हिरवी झाली. सरांना हे इतकं आवडलं की त्यांनी त्या एका रकान्याचं पाचवं प्रकरण करायला लावलं. "असा स्थानिक घटक परदेशातल्या एकाही मॉडेलमध्ये नाही," ते म्हणाले. खरंच नव्हता.

सर दरवर्षी पर्वात पहिला आणि शेवटचा दिवस उपवास करायचे, मधले दिवस एकवेळ जेवण. यंदा मात्र त्यांनी दहाच्या दहा धरले. सातव्या दिवशी कोपऱ्यावर फ्लेक्स लागला. सरांचा ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून, खाली 'कठोर साधनेबद्दल हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक: समस्त गल्ली.' फोटोत सर असे दिसत होते की त्यांना ही बातमी आत्ताच कळलीय.

मला झोप लागेना. त्याचं कारण असं की मी सवयीनं नुसते आकडे बघायचो. उपवासात गल्लीची नाडी मंदावली होती. ब्राह्मीची, आजोबांची, पारसभाऊंची. सरांची वाढत होती. रोज थोडी थोडी, भाडं वाढवल्यासारखी. मी 'होय'कडं बघायचो, पडदा हिरवा असायचा. मी सरांच्या घरी फोन लावायचो.

"काकू, सर कसे आहेत?"

"कसे म्हणजे? उपवासाला हाईत की," राजमती काकू म्हणायच्या.

"झोप लागते त्यांना?"

"सारखी विचारपूस. तू डॉक्टर झालास काय रे?"

"व्हायचंय काकू. म्हणूनच विचारतोय."

यातलं माझ्या काळजीचं गणित काही फार उदात्त नव्हतं. सर आजारी पडले तर सही गेली. सर ठणठणीत असतील तर प्रबंध बरोबर. म्हणून मला सर ठणठणीत हवे होते, आणि मला ते तसे हवेत म्हणून ते तसे आहेत असं मी समजत होतो. जोखीम व्यवस्थापनात या पद्धतीला नाव आहे. चांगलं नाही.

समितीची तारीख आली ती नेमकी क्षमावाणीच्या दिवशी. पर्व संपलेलं, आदल्या दिवशी सरांचं पारणं झालेलं. मी सकाळी गाडी घेऊन गेलो तेव्हा गल्लीत माणसं एकमेकांसमोर हात जोडून "उत्तम क्षमा, उत्तम क्षमा" म्हणत होती, वर्षभरात कळत नकळत जे बोललो त्याची माफी. सर दारात उभे होते. त्यांनी हात जोडले की समोरचा त्यांच्या पायाच पडायचा. दहा उपवास म्हणजे काय चेष्टा नाही. सर मागे सरकायचे आणि प्रत्येक वेळी दाराच्या चौकटीला धरायचे.

काकूंनी माझ्या हातात डबा दिला. "मऊ भात हाय नि मुगाचं पाणी. वाटेत खायला लाव. काल पारण्याला दोन घास खाल्लं नि उठलं."

गाडी मानसिंगची होती. मानसिंग तासगावकडचा, सांगली-सातारा त्याला पाठ. सर मागे बसले, मी शेजारी, मांडीवर लॅपटॉप आणि पिशवीत प्रबंधाच्या बांधलेल्या प्रती. पेठ नाक्यापर्यंत सर माझं सादरीकरण बघत होते. तक्ता पाच पॉइंट तीनमध्ये मी 'निरोगी' हा शब्द चुकून दोनदा टंकला होता. सर तो न खोडता पुढे गेले.

हे ऐकून तुम्हाला काही वाटणार नाही. पण हा माणूस लग्नाच्या पत्रिकेतला स्वल्पविराम दुरुस्त करून मग अक्षता टाकतो.

"सर, बरं वाटतंय ना?"

"कुठं काय? सगळं ठीक आहे."

या वाक्यावर माझं दुसरं प्रकरण आहे.

"सर, डबा काढू?"

"नको."

"थोडं मुगाचं पाणी तरी."

"उपवासानंतर लगेच जात नाही रे."

"पारणं कालच झालंय सर."

सर खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर ऊस होता. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. तिकडंच बघत ते म्हणाले, "मुकुल, उपवास नव्हताच."

मानसिंगनं आरशातून मागं बघितलं.

"पहिल्या दिवशीचा होता," सर म्हणाले. "दुसऱ्या दिवशी एकवेळ जेवायला बसलो. घास जाईना. इथं उजव्या बाजूला दुखत होतं. ही म्हणाली, आजपण उपवास काय? मी नाही म्हणालो नाही. तिसऱ्या दिवशी शेजारचे येऊन पाया पडले. आता पाया पडून गेलेल्या माणसाला मागं बोलावून काय सांगायचं? मग तो फ्लेक्स लागला."

"आणि तेव्हापासून काहीच नाही?"

"केबिनचं दार लावून बिस्किटं पाण्यात बुडवून खायचो. तीही दोनच्या वर जात नव्हती." सरांनी डोळे मिटले. "पर्वात खोटं बोललो, ते वेगळंच."

"सर, डॉक्टरला दाखवायचं."

"निवृत्तीनंतर."

मी लॅपटॉपवर सरांच्या नावापुढचं 'होय' खोडून 'नाही' केलं. पडदा क्षणात लाल झाला. मी तो त्यांच्यापुढं धरला. 'या पुरवठादारावर विसंबू नये. पर्यायी पुरवठादार शोधा.'

सरांनी चष्मा वर करून वाचलं. "शोध मग. नियमात बसत असेल तर."

"सर, चेष्टा नको."

"चेष्टा तू करतोयस. पारसचं 'नाही' कर. तोही लाल होईल. ब्राह्मीचं कर. दहा दिवस न जेवलेला कुणीही तुझ्या मशीनला मेल्यातच जमा. तुझा तुझ्या मॉडेलवर विश्वास आहे?"

"नाही सर."

"मग?"

मग काय, ते बरोबरच बोलत होते. माझी प्रणाली सगळी गल्ली मारून त्यात सरांना धरत होती. याला निदान म्हणत नाहीत. मी शिवांजलीला फोन लावला. तिनं सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, "ताप आहे?"

"ताप कसा असेल? उपवास..."

"उपवासानं माणूस गळतो रे, तापत नाही. हात लावून बघ."

हात लावून बघ, असं ती म्हणाली. पाच वर्षांत मी सरांच्या पायांना हात लावला होता, तोही वर्षातून एकदा, गुरुपौर्णिमेला. कपाळ हा भाग आमच्या संबंधांत येत नव्हता. सरांच्या कपाळाला सकाळचं चंदनाचं गंध होतं. मी म्हणालो, "सर, गंध जरा तिरकं झालंय," आणि अंगठा टेकवला. गंध वाळून पापडी झालं होतं. अंगठा मी झटकन मागे घेतला.

"मानसिंगराव, कराडात गाडी आत घ्या."

"आवं, सातारा अजून तासभर हाय की."

"दवाखान्यात घ्या."

"मुकुल," सर म्हणाले, "आधी साताऱ्याला जाऊ. तुझं काम अर्ध्या तासाचं. सही करतो, मग तू म्हणशील तिथं येतो. मी शब्द देतो."

खोटं सांगत नाही, कराडच्या पुलापर्यंत मी त्यावर विचार केला. पूल लांब आहे. समिती, चहा, सादरीकरण, सही, आणि संध्याकाळी आईच्या "झालं?"ला पहिल्यांदा वेगळं उत्तर. मी सरांकडं बघितलं. ते उजव्या बाजूला हात दाबून हसत होते, म्हणजे हसण्याचा प्रयत्न करत होते.

"मानसिंगराव!" मी ओरडलो.

"घेतली ओ, घेतली. वरडू नगा, सर दचकत्यात."

सोनोग्राफीच्या खोलीतून शिवांजली बाहेर आली तेव्हा तिनं शाळेतला चेहरा काढून ठेवला होता. "यकृतात गळू झालंय. मोठं आहे. आत्ताच सुईनं पू काढायला लागेल. आत फुटलं असतं तर..." मी बाकावर बसलो आणि माझ्या मांडीवर काय आहे ते बघितलं, तर काकूंचा डबा होता.

समितीच्या अध्यक्षांचा फोन आला. "अहो, कुठं आहात?"

"कराडला. सर दवाखान्यात आहेत."

"अरेरे. पण कराड सातारा जिल्ह्यातच आहे ना?"

"हो सर."

"मग हजर धरायला आमची हरकत नव्हती. पण खुर्ची रिकामी दिसते हो." बराच वेळ कागद वाजले. "असं करा, सरांची सही असलेली प्रत महिनाअखेरीच्या आत पाठवा. आम्ही इथं बघून घेतो."

म्हणजे अजून सगळं संपलेलं नव्हतं. मला आनंद झाला, आणि आत सुई चालू असताना आनंद झाला म्हणून लगेच पुन्हा घाबरलो.

काकू दुपारी पोचल्या. मला वाटलं, रडतील. त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"उपवास नव्हता?"

"नव्हता काकू."

"बोर्ड लागलाय."

"हो."

"मी त्यांना ओवाळलं रे," काकू म्हणाल्या. "माणूस आजारी, नि मी पंचारती घेऊन उभी." मग पदरानं तोंड पुसून दाराकडं बघत म्हणाल्या, "आज क्षमावाणी हाय म्हणून सोडते. उद्या बघते त्यांच्याकडं."

दुसऱ्या दिवशी ताप उतरला. काकूंनी कबूल केल्याप्रमाणे बघितलं. वॉर्डातल्या बाकीच्या पेशंटांनी ते सगळं मान खाली घालून ऐकलं.

सरांच्या नोकरीचा शेवटचा दिवस त्या खाटेवरच उजाडला. कुशीत नळी, हाताला सलाईन. कॉलेजनं पाठवलेला नारळ उशाशी होता, शाल पायावर. सर म्हणाले, "आण ती प्रत. पाच वाजेपर्यंत मी मार्गदर्शक आहे."

मी पिशवीतून प्रत काढली. शिवांजली सलाईन बघायला आली होती. पाचवं प्रकरण बघून म्हणाली, "हाच का तो उपवासाचा रकाना? आमचे साहेब पुढच्या महिन्यात वॉर्डात लावतायत."

"चांगलं आहे ना मग," सर म्हणाले.

"चांगलं?" तिनं नळी तपासली. "सर, आमच्याकडं अर्ध्या बायका दुखणं लपवायला उपवासच सांगतात. पोटात दुखतंय, सोमवार आहे. जेवण जात नाही, चतुर्थी आहे. तुम्ही काही पहिले नाही." आणि ती पुढच्या खाटेकडं गेली.

सरांनी पेन उघडलं होतं. काकूंनी त्यांच्या पाठीशी उशी लावली. मी प्रत त्यांच्यापुढं धरली आणि माझ्याच हातानं धरून ठेवली.

"सोड की," सर म्हणाले.

"सर, तक्ता पाच पॉइंट तीनमध्ये तुम्ही निरोगी आहात. दोनदा."

सरांना हसू आलं. मग दुखलं. मग पुन्हा आलं. "राहू दे रे तसं. पुस्तकात तरी."

"पुढच्या भाद्रपदात कुणीतरी 'होय' सांगेल सर. आणि मशीन गप्प बसेल. खाली तुमची सही असेल."

काकू म्हणाल्या, "अवो, पोराची इतकी वर्षं गेली, करा की सही. मागनं दुरुस्त करंल."

"मागनं कोण दुरुस्त करतंय," सर म्हणाले, पण पेन मिटलं नाही. त्यांनी ते तसंच माझ्याकडं धरलं. मी पेन घेतलं, टोपण लावलं आणि प्रत पिशवीत घातली.

"सही न घेणारा विद्यार्थी मी पहिल्यांदा बघितला," सर म्हणाले. "आता आईला काय सांगणार?"

"होतंय म्हणून."

पाच वाजले. सर निवृत्त झाले. काकूंनी त्यांना दोन चमचे मऊ भात भरवला आणि तो गेला. मी शिवांजलीच्या साहेबांना प्रणाली लावू नका असं कळवलं, आणि बाहेर बाकावर बसून साताऱ्याला पाठवायचा अर्ज लिहिला. त्याची पोच अजून आलेली नाही.

प्रति, मा. अध्यक्ष, संशोधन समिती, सातारा.

विषय: चालू बैठक चालूच ठेवणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, माझ्या प्रबंधातील प्रकरण पाच चुकीचे असल्याचे माझे मार्गदर्शक डॉ. अजितकुमार मगदूम यांच्या यकृतामुळे निदर्शनास आले आहे. सदर प्रकरण नव्याने लिहिण्यास अंदाजे दोन वर्षे लागतील. डॉ. मगदूम सध्या मऊ भात खात असून त्यांना जिना चढण्यास मनाई आहे. नियमानुसार मार्गदर्शक बदलू नये म्हणून क्षमावाणीच्या दिवशी सुरू झालेली आपली बैठक संपली असे न समजता ती अद्याप सुरू आहे असे समजण्यात यावे, डॉ. मगदूम यांची सेवा बैठक संपेपर्यंत चालू धरण्यात यावी, आणि ते पूर्ण भाकरी खाऊन स्वतःच्या पायांनी जिना चढून येईपर्यंत सर्व मा. सदस्यांनी कृपया आपापल्या खुर्च्यांवर बसून राहावे, ही नम्र विनंती.